समकक्ष

युगा गावकर, सावर्डे. बारावी विज्ञान,
चौऱ्याऐंशी पूर्णांक पाच.
तिच्या गुणपत्रिकेच्या सहा प्रती, सहा पाकिटं,
प्रत्येकाच्या तोंडावर शिक्का असा की
अर्धा झडपेवर, अर्धा कागदावर,
वाटेत कुणी उघडलं तर कळावं.
कुडचड्याच्या हायर सेकंडरीत एकतीस वर्षं
मी मुलांना पाकिटात घालून बंद करते.

पहिलं उत्तर मोंदेगु नदीकाठच्या विद्यापीठाचं.
तिकडे विसातून मोजतात.
शंभराचे वीस करताना तिचे सोळा आणि वर थोडे उरले.
ती म्हणाली, मॅडम,
आमची मासळीवालीसुद्धा एवढा काटा मारत नाही.

जर्मनीत सगळं उलटं.
एक म्हणजे डोंगराचा माथा, चार म्हणजे कसाबसा काठ,
पाच आले की बुडालात.
तिचे वडील, खाण बंद पडल्यापासून
ट्रकला ताडपत्री घालून घरी असलेले,
खिडकीशी वाकून विचारतात, "दोन पडले? दोनच?"
दोन म्हणजे चांगले हो, मी सांगते.
उतारावर गाडी न्यूट्रल करणाऱ्या पोरांकडे बघून
हलवत असतील, तशी ते मान हलवतात.

आणि त्या दोनाखाली एक ओळ :
तुमची बारा वर्षं आमच्या शाळेइतकी भरत नाहीत,
आधी एक वर्ष तयारीचं.
युगा तिथेच बाकावर बसून बोटं मोजू लागली.
बालवाडी धरली तर चौदा.
मोबाईलवर भरलेली दोन वर्षं,
रेंजसाठी काजूच्या टेकडीवर चढून काढलेली,
ती दुप्पट धरायला हवीत, नाही का?
मी काय सांगणार. माझ्याकडे फक्त शिक्का असतो.

इंग्लंडने इंग्रजीचे गुण वेगळे मागवले.
मराठीचे एक्क्याण्णव कुणीच मोजले नाहीत.
त्या रकान्यात एक आडवी रेघ.
शून्य असतं तर भांडता तरी आलं असतं.

रेघ बघून बाबांचा कागद आठवला.
सेगुंद ग्राव, साल बावन्न,
कोपऱ्यात मास्तरची वेलीसारखी सही.
त्रेसष्टात तो घडी करून खिशात घातला
आणि वीज खात्याच्या नोकरीसाठी बाबा पणजीला गेले.
सरकार नवं, खुर्च्या जुन्या.
घाटमाथ्यावरून बदलून आलेल्या कारकुनाने
कागद सरळ धरला, उलटा धरला,
विचारलं, "हे कितवी म्हणायचं?"
रांगेत कुणाला ठाऊक नव्हतं.
बाबा म्हणाले, पोर्तुगालच्या नद्या येतात मला.
मिन्यु, दोरु, मोंदेगु, तेझु,
उगमापासून मुखापर्यंत.
कारकून म्हणाला, मांडवी येते?
ती शिकवली नव्हती. ती घरामागून वाहत होती.

त्याने थोडा चहा घेतला, थोडा विचार केला,
निळ्या शाईने लिहिलं : चौथी. अंदाजे.
त्या अंदाजावर बाबा तेहतीस वर्षं
विजेच्या खांबांवर चढत राहिले.
शेवटच्या आजारात, तापात, नद्या म्हणायचे.
मोंदेगुपाशी थांबायचे, पुढची आठवेना.

काल युगा सातवं पाकीट घेऊन आली. आयर्लंड.
त्यात एक रकाना शाळेने भरायचा :
विद्यार्थिनीची पातळी, आपल्या मते,
कशाच्या बरोबरीची?

पेन उघडं धरून मी बसून राहिले.
बाहेर तिचे वडील ताडपत्री झटकत होते,
गिऱ्हाईक येणार होतं ट्रकला,
लाल धूळ अजून निघत होती, इतक्या वर्षांनी.
ती म्हणाली, मॅडम, काहीही लिहा,
फक्त अंदाजे लिहू नका.
बाबांची गोष्ट मी तिला कधी सांगितली,
मला आठवत नाही.

पॅड वाळला होता.
शिक्क्यावर तोंडाने हा केला, दाबला.
शाळेचं नाव अर्धं उमटलं.
रकाना अजून कोरा आहे,
आणि पोस्ट चारला बंद होतं.