नाव सापडत नाही

सर्जेकोटला सोसायटीच्या खोलीत
दुपारी तीनला नेट गेलं.
डिझेल परताव्याचे एकतीस अर्ज
अर्धे भरलेले, आणि मुदत आज रात्री बाराची.

"केबल तुटली असतली," दारातून जयवंत मेथर म्हणाला,
जाळ्याचा गुंता मांडीवर घेऊन.
"मुंगसान चावली असात," त्याच्या मागून कुणीतरी.
इथे काहीही बिघडलं की आधी मुंगूस,
मग खारा वारा, मग सरकार.

मिंगेल आला, शिडीशिवाय माडावर चढला,
काळी वायर बोटांनी चाचपत पागोळीपर्यंत आला.
खाली उतरून म्हणाला, "बाय, उजेड येता हा.
दुखणा तुझ्या डब्यात आसा."
चहाही न घेता गेला.

डब्यात लिनक्स आहे.
विंडोज शिमग्यात मेली,
तेव्हा भाच्याने हे घातलं आणि जहाजावर निघून गेला.
जाताना जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून ठेवलं:
मावशी, घाबरायचं नाही.
आधी स्वतःला हाक मार. मग घराला. मग गावाबाहेर.

काळी खिडकी उघडली.
पिंग १२७.०.०.१
म्हणजे यंत्राने स्वतःलाच विचारायचं, आहेस का रे?
आहे, म्हणालं. आहे. आहे. आहे.
थांबवल्याशिवाय थांबेना.
कंट्रोल सी. हे तेव्हा ठाऊक नव्हतं,
पहिल्या खेपेला मी वायरच उपटली होती.

मग राउटर, भिंतीवर, भरती-ओहोटीच्या तक्त्याखाली.
त्याने तीन मिलिसेकंदांत ओ दिली.
मग चार वेळा आठ, मध्ये टिंबं.
हा पत्ता कुठला कोण जाणे,
समुद्राच्या तळातून जात असेल वाट.
थोडा उशीर झाला, पण तिथूनही उत्तर आलं.
चौसष्ट बाइट. पुन्हा चौसष्ट.

म्हणजे वाट वाहती होती.
मग मी सरकारी साइटचं नाव टाइप केलं
आणि ते इंग्रजीत एकच ओळ बोललं.
मला लागला तो अर्थ असा:
नाव लावण्यात तात्पुरतं अपयश.

मी खुर्चीत मागे टेकले.
अठरा वर्षं इथे मी हेच तर करते.
कुणी म्हणतं, "निळ्या पट्ट्याच्या होडीचा काय झाला?"
कुणी, "आमच्या थोरल्याची."
कुणी नुसतं खिडकीशी उभं राहतं,
आणि मी रजिस्टर न उघडता सांगते
होडीचा नंबर, इंजिनाची ताकद, बँकेचं खातं.
नंबर कुणालाच पाठ नसतो.
नंबराला वाळूवरून हाक मारता येत नाही.
एकदा कावीळ होऊन एकवीस दिवस घरी होते.
होड्या रोज जात होत्या, मासळी येत होती,
फक्त कुणाचे पैसे कुणाला गेले
ते अजून निस्तरतोय आम्ही.

कॅलेंडरच्या कोपऱ्यात, तेलाच्या डागाखाली, आणखी एक ओळ:
नावं हरवली तर ही फाइल उघड.
सुडो. पासवर्ड.
मी टाइप करत होते आणि पडद्यावर काहीच उमटत नव्हतं,
ठिपकासुद्धा नाही.
काळोखात शेवाळल्या खडकावर पाय ठेवावा, तसं एंटर दाबलं.
फाइल उघडली. पहिलीच सूचना: मला हाताने बदलू नका.
सोसायटीच्या तिजोरीवरही असंच काहीतरी लिहिलंय,
चावी तिच्याच डोक्यावर असते.

एक ओळ लिहिली: नेमसर्व्हर, पुढे तेच चार आठ.
सेव्ह.

साइट उघडली, रमतगमत.
आधी सिंह, मग मंत्र्यांचे फोटो, सगळ्यांत शेवटी अर्ज.
"इला नेट?" जयवंतने विचारलं. "मुंगूसच होता ना गे?"
हो, म्हटलं.
तोही समाधानाने पुन्हा जाळ्याकडे वळला.

अकरा पन्नासला एकतिसावा अर्ज गेला.
मशीन मी बंद केलं नाही.
भाच्याने अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलंय:
रीस्टार्ट केलंस तर पुसलं जाईल.
परत लिही.