रिकामी गाडी

दिवसभर मी ट्रक तोलतो,
सोहारच्या बंदरात, काट्याशेजारच्या काचेच्या खोलीत.
भरलेली गाडी वजा रिकामी गाडी,
उरतो तो माल.
गुलमर्जान खिडकीतून हात घालून पावती घेतो
आणि बेचाळीस टन चुनखडी
धक्क्याकडे निघून जाते.

रात्री हिशेब ग्रॅमवर येतो.
कोंबडी दोनशे वीस.
भात शंभर, बोटानं चेपेल इतका मऊ.
लाल भोपळा उकडून, सालीसकट चालेल.
काळीज पंधराच,
"जास्त नको बाबा, अ जीवनसत्त्व साचतं अंगात,"
शलाका परभणीहून बजावते.
पशुवैद्यकीचं पहिलंच वर्ष,
आणि ओरडते अशी
की मी तिच्या हाताखालचा नवा पोऱ्या.

कुत्रं तिचंच.
फलजच्या रस्त्यावर टायरवाल्याच्या मागं सापडलेलं,
तेव्हा फासळ्या लांबून मोजता यायच्या,
म्हणून सुकट.
आता नाव तेवढं वाळकं राहिलंय.

आई कणकवलीहून हसते:
"आमचो वाघ्यो पेजेर नि माशाच्या काट्यांर
सोळा वर्सां जगलो.
हेका कसलां रे डोहाळजेवण?"
मी ऐकतो, आणि अंड्याची टरफलं भाजून
खलबत्त्यात कुटत राहतो
पिठी होईपर्यंत.
शिजलेलं हाड द्यायचं नाही
तर चुना कुठून तरी यायला हवा ना.
दिवसा टनांनी जातो तोच,
रात्री अर्धा चमचा.

शुक्रवारी पहाटे मासळीबाजारात
दादकरीम विचारतो, तारल्या किती?
दोन.
दोन किलो?
नाही, दोन तारल्या.
तो पैसे घेत नाही, वर दाढीतल्या दाढीत काही पुटपुटतो,
बहुधा माझ्यासाठी दुआ.

कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही.
दोघी तिकडं गेल्यापासून
या घरात फोडणीचा आवाज झालेला नाही.
सुकटचं ताट झालं की
मी मोरीपाशी उभ्या उभ्या
खुबूस दह्यात बुडवून खातो,
भांडं एकच पडतं.

एक तारखेला त्याचं वजन.
एकटा काट्यावर थांबत नाही, गोल गोल फिरतो,
म्हणून त्याला उचलून मीच चढतो.
मार्चमध्ये दोघे मिळून एक्क्याण्णव दोन.
त्याला खाली ठेवून मी एकटा एकाहत्तर आठ.
वजा जाता एकोणीस चार.
तिन्ही आकडे शलाकाला पाठवतो,
पावतीची सवय.

सप्टेंबरात फोन आला, अवेळी.
"सुकट छान आहे. एकोणीस पाच.
पण बाबा,
रिकामी गाडी पाच किलोनं हलकी कशी झाली?"

काट्यावर बसून अकरा वर्षं झाली.
नेहमीच्या गाडीचं रिकामं वजन
आम्ही एकदा घेतो आणि तेच धरून चालतो,
दर खेपेला कोण बघतं?
म्हटलं, "डिझेल संपत आलं असेल."
ती हसली नाही.
तिच्यामागं कुणीतरी नळ बंद केला,
तिची आई ऐकत होती तर.

दुसऱ्या दिवशी तक्ता आला.
सुकटच्या रकान्याशेजारी नवा रकाना:
सस्तन प्राणी, नर, वय त्रेपन्न, सहासष्ट किलो पाचशे.
खाली बारीक अक्षरात,
माणसांचं आम्हाला शिकवत नाहीत, अंदाजानं काढलंय,
मीठ चालेल, बसून खाणे.

आज दोन पातेली चढवली.
एकात त्याचं, बिनमिठाचं.
दुसऱ्यात तूरडाळ, एकशे दहा ग्रॅम,
वजन करून घेतली, हात ऐकेना.
तेल तापलं, मोहरी उडाली, लसूण गेला,
आणि सुकट ओट्याखालून ताडकन उठला,
दोनदा शिंकला,
दाराकडं जाऊन बघून आला
कोण आलंय ते.