सहा आकडे

कोरेगावात, स्टेशन रोडला, बँकेच्या वरच्या मजल्यावर
रात्री नवानंतर मी छपरं मोजते.
इथली नव्हेत.
ज्या शहराचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही,
त्याची.

शाबूत असेल तर हिरवा रंग,
तडकलं असेल तर पिवळा,
आणि सावलीच पडत नसेल तर लाल.
सावली ही खरी खूण.
घर उभं असलं की सकाळी साडेदहाला
ते वायव्येकडं थोडंसं सांडतं.
पडलेलं घर सांडत नाही.

शेजारच्या गच्चीवर घेवडा वाळत घातलाय,
ताडपत्रीच्या चार कोपऱ्यांवर चार विटा.
वरून कुणी बघत असेल तर त्याला
कुठला रंग देईल, कोण जाणे.

खालच्या एटीएमवर तातोबा बर्गे रात्रपाळीला असतात.
तोफखान्यातले निवृत्त हवालदार, डावा कान कामातून गेलेला.
चहाचा थर्मास घेऊन वर येतात,
उजवा कान माझ्याकडं करून बसतात.
पहिल्याच रात्री काचेवर बोट टेकवून म्हणाले,
"ह्यो खड्डा तोफंचा. ह्यो इमानाचा.
कड बघ की कशी फाटलीया."
मी नोंद दुरुस्त केली.
अहवालात त्यांचं नाव नाही.

नकाशा वाचायलाही त्यांनीच शिकवलं, कागदावरचा :
"आधी आडवं चालायचं, मग उभं चढायचं.
तीन आकडं आडवं, तीन उभं.
सहा आकडं सांगितलं की शंभर मीटरात
माणूस घावतो."

घावतो.
आमच्याकडं सापडण्याला घावणं म्हणतात.
जन्मभर म्हणत आले,
त्या शब्दाच्या आत कधी बघितलं नव्हतं.

वरिष्ठांचा आराखडा सोपा होता :
दर तीनशे मीटरला पाण्याचा एक नळ,
वर्तुळाला वर्तुळ खेटून, कुठं फट नाही.
पण मार्चच्या चित्रात
ढिगाऱ्यांवरून बारीक पांढुरक्या रेघा उमटल्या होत्या.
फेब्रुवारीत नव्हत्या.
माणसं परत आली होती, आणि चालत होती,
आणि सगळ्या रेघा एका मोकळ्या जागेपाशी
उगाचच वळसा घेत होत्या.

तिथल्या समीराला विचारलं.
दोन दिवसांनी उत्तर आलं :
तिथं तुतीचं झाड होतं.
झाड गेलं. वळण राहिलं.

मी वर्तुळं पुसली.
पहिला नळ वळणावर.

"आकडं सांग," तातोबा म्हणाले.
मी सांगितले. तीन आडवे, तीन उभे.
त्यांनी ते परत म्हटले,
एकेक आकडा सुटा, वायरलेसवर म्हणतात तसा,
आणि थांबले.
खाली कुणीतरी पैसे काढत होतं. यंत्र नोटा मोजत होतं.

"टेकडीवर सायेब दुर्बिणीतनं बघायचं.
मी नुसतं आकडं बोलायचो.
पलीकडनं 'सुटला' म्हणून यायचं,
मग घड्याळाकडं बघत मोजायचं, पोचंस्तवर.
सत्तावीस, अठ्ठावीस."

मग बराच वेळ लाल ठिपक्यांकडं बघत राहिले.
"आमच्या नकाशात लाल म्हंजी वस्ती.
तुझ्यात?"

मी थर्मासचं झाकण लावलं, काढलं, परत लावलं.
"वस्तीच," म्हटलं. "होती."

त्यांनी चष्मा पुसला,
माझ्या परवानगीशिवाय माउस हातात घेतला
आणि निळा थेंब बरोब्बर वळणावर ठेवला.
हात कापला, थेंब जरा सरकला.
त्यांनी तो परत जाग्यावर आणला.

"आता पाणी पोचंस्तवर किती मोजायचं?"

"आठ महिने. पैसे आले तर."

"बरं," म्हणाले.
मनगट उजेडात धरलं, वेळ बघितली,
आणि ओठ हलवत
जिना उतरू लागले.