दाताच्या दवाखान्यावरचा मजला

गाडी लावली दोन इमारती सोडून, रसवंतीच्या सावलीत.
घरी सांगून आलोय, रूट कॅनल आहे,
चार-पाच खेपा होतील.
अनसूया म्हणाली, कुठली दाढ?
मी बोट लावलं ती डावीकडची, अगदी धडधाकट.

सात रस्त्यावर एप्रिलचे साडेतीन.
डांबर चपलेला धरून ठेवतंय.
खालच्या मजल्यावर खरंच दाताचा दवाखाना,
कंपाउंडर म्हणाला, नंबर लावलाय का?
म्हटलं, वर जायचंय.
त्याने मान वर केली, परत खाली घातली. बस एवढंच.

मला वाटलं होतं आडवं पडायला गादी असेल,
भिंतीवर मेंदूचा तक्ता.
तर दोन वेताच्या खुर्च्या, एक कुंडी,
आणि घड्याळ, दोघांनाही दिसेल असं.
बिराजदार मॅडम माझ्या मेहुणीच्या वयाच्या.
फॉर्ममध्ये लिहिलं: राजेशम येलदी, त्रेचाळीस,
टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, अक्कलकोट रोड.
झोप किती तास, इथे सहा लिहिले,
मग खोडून तीन.
'कोणी पाठवलं' हा रकाना मोकळाच सोडला.

त्या म्हणाल्या, इथलं बोलणं इथेच राहील.
फक्त तुमच्या किंवा कुणाच्या जिवाला धोका दिसला
तर मला सांगावं लागेल, तेही आधी तुमच्या कानावर घालून.
गोळ्या मी देत नाही, म्हणाल्या.
पन्नास मिनिटं आहेत, म्हणाल्या.
आणि गप्प बसल्या.

गप्प म्हणजे किती गप्प!
बावीस वर्षं मी मागांच्या खडखडाटात उभा.
शेडमध्ये आम्ही ओठांनी बोलतो,
बाबीन संपली, चहा आला, मालक आला,
सगळं ओठांवर, नाहीतर ओरडून.
मधलं कुणी शिकवलंच नाही.
म्हणून 'झोप येत नाही' हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो
की खाली आ करून बसलेल्यालाही कळलं असेल.
मॅडम दचकल्या नाहीत.
उठल्या आणि त्या उकाड्यात पंखा बंद केला.

मी म्हटलं, तार तुटली की माग आपोआप थांबतो, मॅडम,
माणसाचं मात्र...
आणि माझी मलाच लाज वाटली.
सोलापुरात कुणाचं काही दुखलं की तो धाग्याचंच बोलतो.
त्या म्हणाल्या, मागाचं नंतर ऐकेन.
मघापासून फोन असा उलटा का धरलाय?

त्यात एक मिस्ड कॉल आहे. सत्तूचा.
मार्कंडेय रथाच्या आदल्या रात्रीचा, एक वाजून दहा.
मी जागा होतो.
वाटलं, पुन्हा पैसेच मागेल.

हे सांगायला ओठ हलले, आवाज आला नाही.
शेडमधला कुणी समोर असता तर एवढ्यावर समजला असता.
त्या म्हणाल्या, मला ओठ वाचता येत नाहीत. घाई नाही.
मग म्हणाल्या, घरी काय बोलता?
तेलुगू.
तेलुगूत सांगा. मला सगळं कळणार नाही, पण सांगा.

तम्मुडू, म्हणालो.
पुढचं आलंच नाही. तेवढंच, दोनदा.
गेले आठ महिने माझा धाकटा भाऊ मराठीतच होता,
पंचनाम्यात, दाखल्यात,
दहाव्याच्या छापील पत्रिकेत.

त्यांनी समजूत घातली नाही.
रुमालांचा डबा सरकवला, तोही अर्ध्यापर्यंतच.
शेवटी विचारलं, पुढचा मंगळवार जमेल?
म्हटलं, आमच्याकडे पाणी पाचव्या दिवशी येतं,
मंगळवारी आलं तर भरायला घरी कुणी नाही.
म्हणाल्या, मग फोन करा, वार बदलू.

उतरलो तेव्हा काही सुटलेलं नव्हतं.
डोकं मात्र दोन पाळ्या केल्यासारखं जड,
आणि भूक लागलेली, खूप दिवसांनी.

अनसूयेने मऊ भात केला होता,
कडक भाकरीचा डबा वर ठेवून दिलेला.
मी उजव्या बाजूने चावत राहिलो.
दुखतंय? तिने विचारलं.
हो, म्हटलं.
कुठली, हे तिने परत विचारलं नाही.