वारा कुठला आहे?

रविवारी सव्वापाचला बेल वाजायची.
एकदाच, आणि तीही अर्धी,
बोटानं मध्येच विचार बदलल्यासारखी.
दारात खाजगीवाले, तळमजल्यावरचे,
टूलरूममधून निवृत्त, इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट,
खिशाला पेनाच्या जागी सिगार.
"वारा कुठला आहे?"

मी गॅलरीत जाऊन दोरीवरचा टॉवेल बघायची.
कर्वे रस्त्याकडून असला तर धूर
आपट्यांच्या बंद खिडक्यांवर. आपटे मुलाकडे, टेक्सासला.
म्हात्रे पुलाकडून असला
तर थेट आमच्याकडे, दादांच्या उशीपर्यंत.
"पुलाकडून," मी म्हणायची.
"मग राहू दे."
चपला न वाजवता जिना उतरायचे.

आडनाव खाजगीवाले, धूर मात्र सार्वजनिक:
हा विनोद त्यांचाच.
सोसायटीच्या सभेत आम्ही करायच्या आत
त्यांनी तो करून टाकला,
आमच्या हाती नुसता ठराव उरला.

ठराव क्रमांक सात, सूचक माझे वडील.
लिफ्टमध्ये सिगार विझवूनही आणू नये.
"विझवूनही" या शब्दावर पाऊण तास गेला.
तो घाला म्हणाले ते खुद्द खाजगीवालेच.
"पेटलेला निदान वर तरी जातो,
विझलेला दुसऱ्याच्या कपड्यांत मुक्कामाला राहतो."
दादांनी मिनिटबुकात लिहून घेतलं. हसले नाहीत.

पार्किंगमध्ये पोरं बॅट घेऊन आली
की त्यांचा हात आपोआप पाठीमागे,
वर्गातला खडू चोरल्यासारखा.
माझ्या नवऱ्याला एकदाच विचारलं,
"कापून देऊ, की आधी घरी विचारून येता?"
शेवटचं बोटभर उरलं की चिरडायचे नाहीत.
पितळी ताटलीच्या काठावर ठेवून द्यायचे,
त्याचा तो विझेपर्यंत शेजारी बसायचे.
चिरडला की वास सुटतो, म्हणायचे,
आणि माणसाची घाई दिसते.

मार्गशीर्षात दादांना ऑक्सिजनचं मशीन आलं.
आम्ही कुणाला काही बोललो नव्हतो.
पण ते वर चढवताना लिफ्टचं दार
खाजगीवाल्यांनी धरून ठेवलं होतं.

त्या रविवारी बेल वाजली नाही.
पुढच्याही नाही.
वरून दिसायचे: खुर्ची, ताटली, ओठांत सिगार
न पेटवलेला.
मधूनच बोटांत घेऊन
नसलेली राख झटकायचे, ताटलीतच.

असे अकरा रविवार.
सातव्या की आठव्याला
दादांनी नळीखालून हळूच विचारलं,
"आज खाजगीवाल्यांचा वास नाही आला?"
मला वाटलं तक्रार करतायत.
म्हटलं, नाही आला, निवांत झोपा.
ते खिडकीकडे बघत राहिले,
मला वेळाने कळलं, किती वेळाने ते सांगत नाही.

मशीन भाड्याचं होतं, परत गेलं.
चैत्रातल्या एका रविवारी मीच खाली गेले.
बेल अर्धीच दाबली गेली, का कुणास ठाऊक.
त्यांनी दार उघडलं. सिगार स्टीलच्या डब्यात,
ओल्या स्पंजाच्या तुकड्यासोबत, जपून ठेवलेला.
त्यांनी विचारायच्या आधीच म्हटलं,
"वारा कर्वे रस्त्याकडून आहे."

वर आले. दादांच्या खोलीची दोन्ही तावदानं उघडली.
खाली काडी ओढल्याचा आवाज,
मग पहिला झुरका,
तो सरळ वर आला,
गॅलरीचा कठडा ओलांडून, पलंगावरून,
रिकाम्या उशीशी जरा रेंगाळला.

त्यांनी धूर कुठे जातोय ते पाहिलं.
मग मान वर करून मला पाहिलं.
दोरीवरचा टॉवेल खोलीच्या आत फडफडत होता,
पुलाकडच्या वाऱ्यानं.

मी तो काढून घेतला.