कुशीवर

दारूखान्यात लाकूड वजनावर मिळतं.
वीतभर ठोकळा मागितला तर माणूस म्हणाला,
बाई, जळणाला की देव्हाऱ्याला?
मी म्हटलं, रंध्याला.
त्यानं काट्याकडे पुन्हा एकदा पाहिलं, माझ्याकडे नाही.

कुठल्याशा जहाजाच्या कठड्याचा साग.
अंगावर पांढरा रंग, त्याखाली हिरवा, त्याखाली पुन्हा पांढरा,
एका टोकाला स्क्रूचं भोक, गंजानं काळवंडलेलं.
दोन महिने गॅलरीत तसाच ठेवला,
त्याला घोडपदेवची हवा लागू दे म्हणून.
लाकडाला घाई केली की ते मागाहून वचपा काढतं,
हे बाबा दुसऱ्या कुणाला तरी सांगत होते.
मी झाडत होते.

माझं सगळं शिक्षण झाडता झाडता झालं.
गोदीतून आले की बाबा जिन्याखालच्या बाकावर रंधा मारायचे.
हत्यारांना हात लावायचा नाही, ती दादाची.
खाली पडेल ते माझं.
आणि खाली पडायचं त्यात सगळं लिहिलेलं असायचं:
लांब, एकसंध सालपट म्हणजे पगार झाला.
जाड, तुटकं म्हणजे मुकादमाशी वाजलंय.
नुसता भुसा पडला की मी आत जाऊन आईला सांगायचे,
आज आमटीत तिखट जपून घाल.

बाबा गेले. पेटी दादानं विरारला नेली.
माळ्यावर आहे, म्हणतो. अगदी जपून ठेवलीय.

पातं रे रोडच्या गॅरेजातलं.
टेंपोचा पाटा तुटून पडला होता,
रमझानभाईंनी त्यातला तुकडा कापला, घासून उतार काढला,
मधे मधे पाण्यात बुडवत, निळा पडू न देता.
पैसे नकोत म्हणाले.
चालला तर दाखवायला आणा.

लाइटबिल चौरस फाडलं, तिरपं दुमडलं,
पातं बसवायचा उतार मिळाला. (बिल भरलं होतं.)
ठोकळा उभा चिरून तीन फाळ केले, मधला तिरपा कापला,
पुन्हा फेविकॉलनं जोडून रात्रभर पाट्या-वरवंट्याखाली.
आडवी सळई मोडक्या छत्रीच्या दांड्याची.
पाचर तडकलेल्या पोळपाटाची,
तिला अजून कणकेचा वास येतो, मला तरी येतो.
धार काढली ओट्याच्या कडप्प्यावर पॉलिशपेपर चिकटवून,
चार दिवस भाकऱ्या डायनिंग टेबलावर थापल्या.

गव्हाणकर वहिनी दारातून म्हणाल्या,
अहो, साडेतीनशेला तयार मिळतो.
मिळतो. माहीत आहे.
पण तो धरायला बाप्याचा पंजा लागतो.
याची पाठ मी माझ्या तर्जनीला लावून लावून उतरवलीय.

शिवणमशीनचा खण कित्येक वर्षं अडत होता, तोच घेतला.
पहिल्या फटक्याला रंधा उड्या मारत गेला.
दुसऱ्याला तोंडातच चोंदला.
पाचर काढली, तोंड कानशीनं केसभर मोठं केलं,
पाचर ठोकली, जास्त ठोकली, मागून टिचकी मारून सैल केली.
जेवायची वेळ टळून गेली.
मग आवाज बदलला.
खरखर गेली, आणि कुणीतरी लांब कापड फाडावं तसं
एक सालपट वर आलं, वळलं, माझ्या मनगटावर बसलं.

सवयीनं वाचलं:
लांब. एकसंध. उजव्या कडेला जरा जाड,
म्हणजे पातं किंचित तिरकं बसलंय.
बाकी राग कुठेच नाही.

रविवारी दादा आला.
रंधा उलटासुलटा करून पाहिला, कुणी करून दिला विचारलं,
उत्तराची वाट न बघता पात्यावरच उभा ठेवला टेबलावर,
आणि चहाचा कप उचलला.
मी काही बोलले नाही.
बशी पुढे करता करता माझा हात आपसूक गेला
आणि रंधा कुशीवर झाला.
पात्याला खालचं काही लागू द्यायचं नाही,
हे मला शिकवलं कुणीच नव्हतं.

उद्या रे रोडला जायचंय.
सालपट वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलंय,
पर्समध्ये चुरगळेल म्हणून हातातच नेईन.