डोंगल

वडगावात येळ्ळूर रस्त्याला वळताना माझं दुकान.
वर कन्नडात मोठं, खाली मराठीत बारीक:
डिझाईन अँड पंचिंग.
म्हणजे साडीच्या काठासाठी भोकं पाडून मिळतील.

एका हिरव्या डोंगलवर बावीस माग चालायचे.
पेराएवढा तुकडा. उपसला
की पडद्यावरचा मोर अर्ध्या पिसाऱ्यावर थांबायचा.
गेल्या श्रावणात तो खिशात राहिला,
पँटीबरोबर धुतला गेला.
सुरतेची कंपनी म्हणाली, नवा घ्या, पूर्ण पैसे.
मी म्हटलं, अहो, मोर माझा आहे.
म्हणाले, मोर तुमचाच. पिंजरा आमचा.

मग विरूपाक्ष कामकर आला,
माग विकून लॅपटॉप घेतलेल्या घरातला.
त्याच्याकडे लिनक्स, आणि त्यात त्यानं स्वतः लिहिलेलं:
चौकटी, ताणा, बाणा, भोक.
चालायचं. कधी मोराला तिसरा पाय फुटायचा.
"किती द्यायचे?"
"काही नको की. वापर, उसवून बघ, दुरुस्त कर, दुसऱ्याला दे.
देताना तुझी दुरुस्तीपण उघडी दे, एवढंच."
"म्हणजे विरजण."
"हं. दही विक की, कोण नको म्हणतंय?
विरजणाला कुलूप घालू नको."

त्याचं लायसन्स आम्ही उतरवायला बसलो,
तो कन्नडात, मी मराठीत.
पहिल्याच शब्दाला अडलो, फ्री.
फुकट लिहावं तर गिऱ्हाईक नाक मुरडतं,
मुक्त लिहावं तर कुणी वारल्यासारखं वाटतं.
तो म्हणाला, आमच्यात फुकटला उचित म्हणतात.
मी म्हटलं, आमच्यात उचित म्हणजे
जे करायला पाहिजे ते.
दोघं गप्प बसलो जरा.
मग वर कुठली भाषा, खाली कुठली,
यावर दोन चहा गार झाले.
शेवटी दोन फायली केल्या.
फायलींना वर-खाली नसतं.

दिवाळीच्या तोंडावर चाळीस साड्यांची ऑर्डर आली,
आणि जुने मोर सगळे सुरतेत अडकलेले.
कंपनीनं आता लिनक्सवर चालणारंही काढलं होतं,
डोंगल नाही, वर्षाला भाडं.
मी घेतलं.
विरूपाक्षनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
वाटलं, आता बोलणार.
म्हणाला, "पक्की पावती घेतलीस न्हवं?"

आता दोन्ही चालतात, एकाच पडद्यावर, शेजारी शेजारी.
जुने मोर तिकडे उघडतो, एकेक करून इकडे आणतो.
सतरा आले. पाच येत नाहीत.
ते पाच मी परत काढायला घेतलेत, हातानं, चौकटीच्या वहीत.

तिसरा पाय परवा गेला.
इळकलच्या कुणा बाईनं चार ओळी बदलून पाठवल्या,
ओळख ना पाळख.
फायलीत विरूपाक्षच्या नावाखाली तिचं नाव आहे, कन्नडात.
मला कन्नड सावकाश येतं.
पडद्यावर बोट ठेवून वाचलं:
शां, त, व्वा.